कृत्तिका तारकागुच्छ : इंदूरहून निरीक्षण

वृषभ राशीतील तरुण, खुला तारकागुच्छ. मेस्ये यादीत (तारकागुच्छ, तेजोमेघ अशा धूसर वस्तूंच्या प्रसिद्ध सूचीत) क्रमांक ४५, अंतर सुमारे ४४० प्रकाशवर्षे, तारे हजाराहून अधिक. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे ठळक तारे तप्त व निळसर असून असे तारे आपले इंधन भराभर संपवतात. ते अजून तळपत आहेत यावरूनच गुच्छ कोवळा असल्याचे कळते. त्याचे वय १० ते १२.५ कोटी वर्षे मानतात. इंदूर ज्या काळ्या बेसाल्टवर उभे आहे, तो दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे ‘तरुण’ कृत्तिका माळव्याच्या दगडाहून वडील ठरतात.

इंदूरकरांना या गुच्छाचा मोठा लाभ आहे. शहराचा अक्षांश २२.७° उत्तर आणि कृत्तिकांची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) सुमारे २४.१° उत्तर, त्यामुळे मध्यमंडलावर (माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येताना त्या खस्वस्तिकापासून, म्हणजे बरोबर माथ्यावरच्या बिंदूपासून, जेमतेम दीड अंशावर असतात. डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या सर्वांत पातळ थरातून येतो, म्हणून शहरी धूर-धुळीतही त्या तग धरतात. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्या मध्यरात्रीच्या सुमारास माथ्यावर येतात, जानेवारीच्या मध्याला रात्री साडेआठच्या आसपास. मे महिन्यात सूर्यच त्यांच्याजवळ असल्याने दर्शन नाही.

माथ्यावरचा गुच्छ उभ्याने पाहू नये, मान अवघडते. गच्चीवर सतरंजी टाकून उताणे पडावे आणि साधी ७×५० किंवा १०×५० द्विनेत्री डोळ्यांना लावावी. गुच्छाचा पसारा जवळजवळ दोन अंशांचा आहे. मोठ्या दुर्बिणीत जास्त वर्धन लावले की त्याचे तुकडेच दिसतात आणि गुच्छपणाच हरवतो. शिवाय डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची) दुर्बीण माथ्याशी नीट वळत नाही. द्विनेत्रीच खरे साधन. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटे द्यावीत. मग नुसत्या डोळ्यांनीही सहा तारे सुटे होतात. सातवा प्लायोनी, ॲटलासला खेटून असलेला. तो अंधुक असून त्याचे तेज बदलते.

ताऱ्यांभोवतीची निळसर धूसरता पाहायची असेल तर राजवाडा-सराफ्याकडील उजेड मागे टाकून अमावास्येच्या आसपास महूपलीकडे जानापावच्या बाजूला जावे. गुच्छातील मेरोपी ताऱ्याजवळची धूसरता खगोल-निरीक्षक टेंपेलने १८५९ मध्ये व्हेनिसहून लहान दुर्बिणीतून टिपली. ती जन्मवेळचा उरलेला मेघ नव्हे. गुच्छ वाटेत योगायोगाने एका धूलिमेघातून जात आहे, आणि धूळ ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करते.

शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असे म्हटले आहे. त्यावरून भारतीय ज्योतिषशास्त्राचे इतिहासकार शं. बा. दीक्षितांनी त्या वचनाचा काळ इ.स.पू. ३००० च्या सुमारास ठरवला. परांचन गतीमुळे (पृथ्वीच्या अक्षाच्या अतिसंथ डुलण्यामुळे) आज इंदुरात त्या ठीक पूर्वेपासून सुमारे २६ अंश उत्तरेला उगवतात. होकायंत्र घेऊन कोणालाही हा फरक स्वतः मोजता येईल, आणि तो जरूर मोजावा.

कार्तिक महिन्याचे नाव याच नक्षत्रावरून पडले. मात्र त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र अगदी शेजारी असल्याने गुच्छ त्याच्या उजेडात बुडतो. चंद्राचा मार्ग योग्य स्थितीत असलेल्या वर्षांत तो कृत्तिकांवरून सरकतो. असा योग माघ-फाल्गुनाच्या शुक्ल पक्षात आला तर सोडू नये: तारे चंद्राच्या काळ्या कडेमागे एकेक करून क्षणार्धात नाहीसे होतात, आणि ते पाहायला द्विनेत्री पुरते.