तृतीयांशाचा नियम आला कुठून?

कॅमेऱ्यात ग्रिड सुरू केली की चौकटीचे तीन-तीन समान भाग करणाऱ्या दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा दिसतात. शिकवणारा सांगतो, विषय या रेषांच्या छेदबिंदूवर ठेवा. रचनेशी बहुतेकांची पहिली ओळख अशीच होते. पण हा नियम जेव्हा मांडला गेला, तेव्हा त्यात छेदबिंदूच नव्हते. होती ती वाटणी: चित्रात कोणाला किती जागा द्यायची याची.

'रूल ऑफ थर्ड्स' हे नाव जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज कलाकाराचे. धातूच्या पत्र्यावर चित्रे कोरणे हा त्याचा पेशा. ग्रामीण दृश्यांवरच्या त्याच्या १७९७च्या पुस्तकात हा नियम येतो. त्याआधी, १७८३मध्ये छापलेल्या टिपांत चित्रकार जोशुआ रेनल्ड्स यांनी बजावले होते की एका चित्रात सारख्याच ताकदीचे दोन उजेड नकोत. एक मुख्य, बाकीचे दुय्यम. स्मिथने ते सूत्र उजेडापुरते न ठेवता जमीन, पाणी, आकाश अशा सगळ्यांना लावले. त्याच्या हिशोबात दोन तृतीयांश चित्र आकाशाचे, आणि उरलेल्या एक तृतीयांशात पाण्याला दोन वाटे, जमिनीला एक. चित्राचे नऊ भाग केले तर सहा आकाश, दोन पाणी, एक जमीन. निम्मे-निम्मे कुठेच नाही, कारण दोन बाजू तुल्यबळ झाल्या की नजर दोघींत ओढली जाते आणि कुठेच ठरत नाही.

हे पडताळायला डोळे किलकिले करून फोटो पाहावा. तपशील पुसले जातात, उरतात ते गडद आणि उजळ आकार. त्यांत एकाची सरशी दिसली पाहिजे. छेदबिंदूवर माणूस नेमका बसवला, पण मागे अर्धी भिंत गडद आणि अर्धी उजळ राहिली, तर फोटो दुभंगलेलाच दिसतो. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक मला हीच वाटते: बिंदू साधतात, क्षेत्र विसरतात.

वाटणीचा हा विचार स्मिथच्याही बराच आधीचा आहे. चीनमध्ये सहाव्या शतकाच्या सुमारास कलासमीक्षक श्ये ह याने चित्राची सहा तत्त्वे सांगितली. त्यांतले पाचवे जागेच्या नियोजनाचे. इटलीत वास्तुकार आणि लेखक लिओन बात्तिस्ता अल्बेर्तीने १४३५मध्ये रचनेची चढती भाजणी दिली: पृष्ठभागांतून अवयव, अवयवांतून देह, देहांतून प्रसंग. एका प्रसंगाला नऊ-दहा माणसे पुरेत, असेही त्याने सांगून ठेवले आहे. ग्रिडचा एक पूर्वजही त्याच्याकडेच सापडतो. चौकटीवर ताणलेले विरळ विणीचे कापड, त्यात जाड दोऱ्यांनी पाडलेले चौकोन, आणि त्यातून पलीकडचे दृश्य पाहायचे. पण हे दोरे दृश्य कागदावर बिनचूक उतरवण्यासाठी होते. विषय कुठे ठेवावा हे ते सांगत नव्हते.

तृतीयांश म्हणजे सुवर्ण गुणोत्तराची (लांबीची सुमारे १:१.६१८ अशी वाटणी) सोपी आवृत्ती, हेही सर्रास ऐकायला मिळते. स्मिथ मात्र तिथे पोहोचला तो रेनल्ड्सच्या उजेडावरून. आकडेही वेगळे पडतात. ३६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर तृतीयांशाची रेषा कडेपासून १२ मिलिमीटरवर येते, सुवर्ण गुणोत्तराची पावणेचौदावर.

छायाचित्रणात हे सगळे चित्रकलेकडून आले. इंग्रज छायाचित्रकार हेन्री पीच रॉबिन्सन यांनी १८५८मध्ये पाच निगेटिव्ह जोडून एक फोटो रचला आणि १८६९च्या पुस्तकात त्रिकोणी मांडणी, कर्ण, तोल हे चित्रकारांचे धडे छायाचित्रकारांना दिले. वीस वर्षांनी छायाचित्रकार पीटर हेन्री इमर्सन यांनी असल्या ठोकळेबाज नियमांवर कडाडून टीका केली. दोघांच्याही काळात मोठ्या कॅमेऱ्याच्या दुधी काचेवर दृश्य उलटे दिसे, वरचे खाली आणि डावीकडचे उजवीकडे. त्यामुळे झाड झाड म्हणून ओळखू येण्याआधी एक गडद आकार म्हणून दिसे, आणि तोल आपोआप तपासला जाई. १९२५मध्ये लायका हा छोटा फिल्म कॅमेरा बाजारात आला. त्याच्या व्ह्यूफाइंडरमधून दृश्य सुलटे दिसे, कॅमेरा हातात चपळ झाला, पण ही तपासणी गेली. आजही काढलेला फोटो पडद्यावर उलटा करून पाहिला की वजन कुठे जास्त झाले ते चटकन कळते.

लायकाने रुळवलेले रुंदी-उंचीचे ३:२ हे प्रमाण आणखी एका ठिकाणी अडचणीत आणते. ६००० × ४००० पिक्सेलच्या फोटोत विषय डाव्या रेषेवर, म्हणजे २०००वर आहे. तो ४:५ उभा, मधोमध, म्हणजे डावीकडचे १४०० पिक्सेल सोडून कापला तर ३२०० पिक्सेल रुंदी उरते आणि विषय डाव्या कडेपासून फक्त ६००वर येतो, तृतीयांशापेक्षा कडेच्या बराच जवळ. तृतीयांशावरच हवा असेल तर काप १४००ऐवजी ९३३पासून सुरू करावा लागतो. मग उजवीकडचे काय काय गेले आणि गडद-उजळाची वाटणी बदलली का, हे पुन्हा डोळे किलकिले करून पाहायचे.