बरणीत मुरणारा बेदाणा

नोव्हेंबर लागला की बेळगावच्या कॅम्पात ख्रिसमसच्या केकसाठी काचेच्या बरण्या बाहेर निघतात. बेदाणे, खजूर, सुके अंजीर, पाकवलेली संत्र्याची साल, आणि ते बुडेल एवढी रम किंवा संत्र्याचं लिक्युअर, म्हणजे गोड मद्य. "घाई करू नको गं, पिऊ दे त्यांना," शेजारच्या आंटी म्हणायच्या. मला वाटायचं, हा खटाटोप नुसत्या वासासाठी. पण त्यामागे पाण्याचाही हिशेब असतो.

अथणीपासून विजयपूर-तासगावपर्यंतच्या पट्ट्यात साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. त्यात पाणी उरतं जेमतेम १५ टक्के. बाकी बहुतेक साखर. असा कोरडा बेदाणा थेट मैद्याच्या मिश्रणात गेला, तर तो केकचंच पाणी ओढून घेतो आणि केक भुसभुशीत होतो. आधी मुरवला, तर ओलावा केकमध्येच राहतो.

आपल्याकडच्या रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के अल्कोहोल लिहिलेलं असतं. उरलेलं मुख्यतः पाणी. बेदाण्यातली दाट साखर ते पाणी सालीतून आत खेचते. अल्कोहोलही आत शिरतं आणि थोडी साखर बाहेर येते, म्हणून तळाशी दाट काळपट पाक साचतो. लिक्युअरमध्ये मुळातच साखर असल्याने ही ओढ कमी पडते. त्याला जास्त दिवस द्यावेत. संत्र्याच्या सालीतलं सुगंधी तेल पाण्यात जवळपास विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. तो वास मग साऱ्या बरणीत पसरतो. लिक्युअरऐवजी संत्र्याचा रस वापरायचा असेल, तर बरणी फ्रिजमध्ये ठेवा आणि एक-दोन दिवसांतच वापरा, रस आंबतो.

केकमध्ये चॉकलेटही घालणार असाल, तर मात्र जपून. वितळलेल्या चॉकलेटमध्ये या पाकाचा एखादा चमचा पडला, की ते क्षणात गुठळ्या होऊन घट्ट होतं. चॉकलेट म्हणजे कोको बटरमध्ये, म्हणजे कोकोच्या चरबीत, तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण. थोड्याशा पाण्याने साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. माझं एक भांडं असंच गेलं असं समजून मी ते टाकायला निघाले होते. आंटींनी त्यात आणखी चार-पाच चमचे कोमट पाक घालून घोटलं आणि ते पुन्हा चकचकीत, पातळ झालं. पाणी पुरेसं झालं की साखर विरघळते आणि गुठळी सुटते.

आता भाजणं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे पाणी ९७.५ अंशांच्या आसपासच उकळतं. ओव्हन १५० अंशांवर असला, तरी ओल्या केकचा गाभा या ९७.५ अंशांच्या फारसा वर जात नाही. तापमापीवर ९६ दिसलं की केक झाला समजावं. कडा काळसर होतात त्या मात्र कोरड्या पडून खूप तापल्यामुळे: प्रथिनं आणि साखर यांची जी प्रक्रिया बेळगावच्या कुंद्याला, त्या दुधाच्या मिठाईला, तपकिरी करते, तीच इथेही घडते.

भाजताना सगळं अल्कोहोल उडून जातं, हा समज खरा नाही. तासभर भाजल्यावरही साधारण चौथा हिस्सा उरतो. घरात लहान मुलं असतील किंवा कोणी दारू वर्ज्य मानत असेल, तर त्यांना हे आधी सांगायलाच हवं.

केक फ्रिजमधून काढून लगेच कापू नका. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. गारठलेल्या तुकड्यात ते घट्ट बसलेलं असतं, आणि महिनाभर बरणीत मुरलेला वास तोंडात सुटायला वेळ लागतो.