पाळी जातानाच्या वाफा आणि खान्देशचा उन्हाळा

मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा पंचेचाळिशीतली बाई ‘अंगातून वाफा निघतात’ म्हणाली, की घरचे उन्हाला बोल लावतात. पण उन्हाचा उकाडा सावलीत, पाणी प्यायल्यावर हळूहळू उतरतो. पाळी जातानाची वाफ पंख्याखाली बसल्याजागी येते, छातीतून मानेकडे-चेहऱ्याकडे चढते, दोन-चार मिनिटं राहते, घाम फुटतो आणि मागून हुडहुडी भरते. पौषातल्या पहाटेही तिने गोधडी ओली होते.

मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये तापमान सांभाळणारं केंद्र असतं. पाळी जाताना इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन घटलं की तिथल्या चेतापेशी बिथरतात आणि एरवी जाणवलीही नसती एवढी उष्णता शरीराला जास्त वाटते. ती बाहेर टाकायला कातडीखालच्या रक्तवाहिन्या एकदम रुंदावतात. म्हणूनच चुलीपुढे कळण्याच्या भाकरी थापताना किंवा झणझणीत ठेच्यावर उकळता चहा घेतल्यावर वाफ हमखास गाठते. भाकरी पहाटे गारव्यात उरकाव्यात, चहा कोमट घ्यावा, सुती सैल कपडे घालावेत. वाफ कधी आणि कशानंतर आली हे दोन आठवडे कॅलेंडरवर लिहून ठेवलं, तर डॉक्टरांनाही नेमकं कळतं.

सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. आपल्याकडे हे साधारण ४६-४७व्या वर्षी होतं. तोवर गर्भ राहू शकतो, हे ध्यानात ठेवावं. ऑपरेशनमध्ये गर्भपिशवीसोबत अंडाशयंही काढली असतील, तर वाफा एकाएकी आणि जोरात सुरू होतात.

झोपच मोडत असेल तर सोसत बसू नये. सर्वांत गुणकारी उपचार हार्मोनचा. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन १० वर्षं न झालेल्या निरोगी बाईला त्याचा फायदा बहुधा धोक्याहून जास्त असतो. गर्भपिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही. त्याने गर्भपिशवीचं आतलं अस्तर वाढून कर्करोगाची भीती राहते, म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतं. स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, तर हार्मोनऐवजी दुसऱ्या गोळ्या देतात. योनीचा कोरडेपणा आणि लघवीची जळजळ यांवर तिथेच लावायचं इस्ट्रोजेन क्रीम मिळतं. लाजेपायी बायका हे सांगतच नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

याच वर्षांत हाडं झपाट्याने विरळ होतात. रोज १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं आणि ज्वारी-बाजरीच्या भाकरीत ते अगदी थोडं असतं. दोन पेले दूध, वाटीभर दही आणि तिळाची चटणी यांनी बरीच भर पडते. कंबरेतून वाकून जड गाठोडं उचलू नये, मणका दबतो.

पाळी थांबून वर्ष उलटल्यावर कधीही अंगावरून थेंबभर जरी रक्त गेलं, तरी ‘पाळी परत आली’ म्हणून सोडू नका. सोनोग्राफीत अस्तर ४ मिलिमीटरहून जाड दिसलं, तर त्याचा तुकडा तपासतात. बहुतेकदा कारण साधंच निघतं, पण गर्भाशयाचा कर्करोग याच खुणेने लवकर सापडतो. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. कापूसवेचणी संपायची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवा.