आलान्या येथील वाल्सर पायवाटा

इटलीच्या पिएमोंते प्रदेशात, मोंते रोझा पर्वताच्या (४,६३४ मी.) पायथ्याशी वसलेल्या आलान्या वाल्सेझिया या गावाभोवतीच्या जुन्या डोंगरवाटा. सेझिया नदीच्या उगमाजवळचे हे गाव सुमारे १,२०० मी. उंचीवर आहे.

वाल्सर हे मूळचे स्वित्झर्लंडच्या वरच्या वालिस भागातले जर्मनभाषक शेतकरी. मध्ययुगात ते खिंडी ओलांडून आल्प्सच्या दक्षिण उतारांवर पसरले. उंचावरची पडीक जमीन लागवडीखाली आणावी म्हणून जमीनदारांनी त्यांना ती वंशपरंपरेने कसायला दिली. त्यांची तित्शू बोली आलान्यात आज मोजकेच लोक बोलतात.

आजच्या पर्यटनवाटा बहुतांशी त्यांच्या कामाच्याच वाटा आहेत : गावातून वाडीकडे, वाडीतून कुरणाकडे, कुरणावरून खिंडीकडे. वेळ थोडा असेल तर ओत्रो दरीची चढण निवडावी. जंगलातला तास-दीड तासाचा खडा चढ संपला की कुरण उघडते आणि फोल्लू, दोर्फ, स्कार्पिया अशा वाड्या दिसू लागतात. घरांचा खालचा भाग दगडी, वरचा लार्च या सूचिपर्णी झाडाच्या ओंडक्यांचा, छपरावर दगडी फरश्या. भोवतीच्या लाकडी सज्जांना आडव्या दांड्या असतात; त्यांवर गवत आणि राय धान्य वाळवीत. खाली गोठा आणि राहण्याची जागा शेजारी-शेजारी, म्हणजे हिवाळ्यात जनावरांची ऊब माणसांनाही. आतली मांडणी पाहायची तर पेदेमोन्ते वाडीतले वाल्सर संग्रहालय आहे. ते १६२८च्या घरात भरवले आहे.

वोन्या दरीतली वाट वेगळी. वाड्या मागे टाकत ती वाल्दोब्बिया खिंडीपर्यंत (२,४८० मी.) चढते आणि पलीकडे शेजारच्या दरीतल्या ग्रेसोने गावात उतरते. गवंडीकाम, गिलावा करायला परमुलखात जाणारे पुरुष हीच खिंड ओलांडत. त्यांच्यासाठी वर बांधलेली धर्मशाळा अजून उभी आहे. पुरुष बाहेर गेले की शेती आणि गुरे बायकाच सांभाळत. या कुरणांचे श्रेय बरेचसे त्यांचे आहे. माकुन्यागा गावाकडे नेणारी तुर्लो खिंड (२,७३८ मी.) याहून उंच. तिथली रुंद फरसबंदी वाट मात्र वाल्सरांची नव्हे, ती विसाव्या शतकात इटलीच्या पर्वतीय सैनिकांनी बांधली.

वरचा बराचसा प्रदेश १९७९ साली स्थापन झालेल्या आल्ता वाल्सेझिया निसर्ग उद्यानात मोडतो. शॅमॉय आणि आयबेक्स हे रानबकऱ्यांसारखे प्राणी आणि मार्मोट ही बिळात राहणारी मोठी खार तिथे दिसतात. मार्मोटची शिट्टी आधी ऐकू येते, प्राणी मागाहून दिसतो. लार्च सूचिपर्णी असूनही शरद ऋतूत पिवळा पडून पाने गाळतो. कुरणे मात्र निव्वळ निसर्गाची देणगी नाहीत. कापणी आणि चराई थांबलेल्या उतारांवर झुडपे आणि मग झाडे परततात.

उंच खिंडींवर उन्हाळ्याच्या सुरुवातीलाही बर्फ असू शकतो. जुलै ते सप्टेंबर हा चालण्याचा योग्य काळ.