वीज मोहावर पडली, मग बैल का मेला?

रोवणीच्या दिवसांत भंडारा-गोंदियाकडे एक बातमी ठरलेली असते. पाऊस आला, बाया मोहाच्या झाडाखाली थांबल्या आणि ‘अंगावर वीज पडली’. आपत्ती व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्याने इथेच थांबून विचारावं: वीज खरंच अंगावर पडली का? बहुतेक वेळा नाही. वीज लागलेल्या शंभर जणांत थेट तडाखा बसलेले तीन ते पाचच असतात, असा या विषयातल्या डॉक्टरांचा अंदाज आहे. उरलेल्यांपैकी काहींवर ती बुंध्यातून उडी घेते, पण जवळजवळ निम्म्यांना ती जमिनीतून लागते.

ते असं घडतं. झाडावर पडलेल्या विजेचा साधारण 30,000 अँपिअरचा प्रवाह जमिनीत उतरतो आणि चहूबाजूंनी पसरतो. मातीला रोध असतो, म्हणून बुंध्याजवळ व्होल्टेज प्रचंड असतं आणि लांब जावं तसं ते घसरत जातं. एक पाय बुंध्यापासून 10 मीटरवर आणि दुसरा साडेदहा मीटरवर असेल, तर दोन्ही पायांखालचं व्होल्टेज वेगळं असतं. त्या फरकामुळे प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो.

हिशेब करून पाहू. मातीची रोधकता 100 ओहम-मीटर धरा. प्रवाह गुणिले रोधकता भागिले 6.28 (म्हणजे 2π), येतात सुमारे 4,77,000. याला (1/10 वजा 1/10.5) ने गुणलं की येतात जवळपास 2,270 व्होल्ट. पाय जुळवून अंतर 10 सेंटिमीटरवर आणलं, तर तिथेच 470. झाडापासून 5 मीटरवर पाय फाकून उभं राहिलं, तर 8,700. बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत दीड मीटर अंतर असतं. 10 मीटरवरही त्याला 6,200 व्होल्ट मिळतात, आणि त्याच्या अंगातली वाट हृदयावरून जाते. माणसाच्या बाबतीत ती बरीचशी पायांतच राहते. म्हणून धुऱ्यावर बैल मरतो आणि शेजारचा माणूस पाय लुळे पडून का होईना, वाचतो. ओल्या काळ्या मातीत हे आकडे उतरतात, मुरमाड जागी चढतात.

पायाळू माणसावर वीज पडते, असं अजून सांगतात. जन्मताना आधी पाय आले की डोकं, हे विजेला कळायचा काही मार्ग नाही.

लखलखाट आणि गडगडाट यांत 30 सेकंदांहून कमी अंतर असेल, तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे. बांधीतून बाहेर पडा आणि पक्कं घर किंवा काचा लावलेली जीप गाठा. चारी बाजूंनी उघडं टिनाचं शेड चालत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबा. वावरातच अडकलात तर झाडापासून लांब जा आणि पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे होऊ नका, कारण आडव्या माणसाचा हिशेब बैलासारखा होतो. यानं धोका कमी होतो, संपत नाही. घोळक्यानेही बसू नका, कारण मदतीला कुणीतरी शुद्धीवर उरायला हवं.

ती मदत वर्गात शिकवलेल्या नियमाच्या उलटी आहे. मोठ्या अपघातात श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास न घेणाऱ्याला काळी पट्टी, म्हणजे वाचण्याची आशा नसल्याची खूण, लावून पुढे जायचं असतं. विजेत मात्र निपचित पडलेल्याकडे आधी धावायचं. विजेने थांबलेलं हृदय पुष्कळदा आपोआप सुरू होतं, पण मेंदूतलं श्वासाचं केंद्र जास्त वेळ बधिर राहतं. प्राणवायूवाचून हृदय पुन्हा थांबतं, आणि या वेळी कायमचं. कण्हणारे बहुतेक वाचतात. अंगात करंट उरत नाही, लगेच हात लावा. छातीच्या मधोमध 5 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 दाब. दर 30 दाबांमागे तोंडाने 2 श्वास. वीज लागलेल्याला शेणात पुरतात, त्यात नेमकी हीच मिनिटं जातात. एकाने 108 ला फोन लावावा, दुसऱ्याने दाब सोडू नये.