सुप्राच्या पोटातली कपबशी

परवा फॅमिली ग्रुपवर कोणीतरी एक रील टाकलं. त्यात एक जण ठासून सांगत होता की जपानी कंपन्या चांगला माल स्वतःच्या देशात ठेवतात आणि उरलंसुरलं बाहेर पाठवतात, आणि मागे लाल सुप्रा, म्हणजे टोयोटाची स्पोर्ट्स कार, उभी. पाच मिनिटांत डॅलसहून बंड्याचा, म्हणजे माझ्या आतेभावाचा मेसेज, "मग माझी काय उरलीसुरली आहे का?" कारण त्याच्याकडे अमेरिकेत विकलेली १९९४ ची टर्बो सुप्रा आहे, आणि इकडे ऑकलंडला माझ्याकडे त्याच वर्षाची, पण मूळ जपानमध्ये विकलेली आणि मग सेकंडहँड म्हणून बोटीतून न्यूझीलंडला आलेली. चौथ्या पिढीची सुप्रा, तेच ३ लिटरचं २जेझेड इंजिन, सहा सिलिंडर, दोन टर्बो. जुळ्या बहिणीच, पण वेगवेगळ्या घरी वाढलेल्या.

आधी कागदावरचा, ताकदीचा फरक. जपानी माहितीपत्रकात माझी गाडी २८० ची, बंड्याची अमेरिकन पत्रकात ३२० ची. यात पहिली गंमत अशी की हे दोन आकडे एकाच मापात नाहीत. दोन्ही अश्वशक्तीच, पण जपानचा पीएस म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात १ मीटर उचलायचं, अमेरिकेचा एचपी त्याहून जरासा मोठा, त्यामुळे २८० पीएसचे होतात २७६ एचपी. जुन्या जपानी गाड्यांबद्दल वाचताना सारखा भेटणारा २७६ हा विचित्र आकडा इथून आलाय. आणि सगळ्याच गाड्या २८० वर का अडकल्या? तर १९८९ ला निसानची फेअरलेडी झेड २८० ला पोचली आणि तिथल्या कंपन्यांनी आपापसात ठरवलं की आता बास, याच्या वर कोणी जायचं नाही. कायदा नाही, नुसता शब्द. २००४ मध्ये होंडाची ३०० पीएसची लेजंड आली तेव्हा तो मोडला. शिवाय ताशी १८० च्या पुढे गाडी जाऊच नये म्हणून लिमिटर, माझा स्पीडोमीटरही १८० लाच संपतो.

म्हणजे माझी गाडी दुबळी? इथेच माझी आवडती गोष्ट सुरू होते, आणि ती आहे टर्बोच्या आत. जपानी सुप्राच्या टर्बोमधलं एक चाक सिरॅमिकचं आहे, बंड्याच्या गाडीत तेच धातूचं. आणि आपल्या डोक्यात सिरॅमिक म्हणजे कपबशी.

टर्बो म्हणजे काय, तर एका दांड्याच्या दोन टोकांना दोन भिंगऱ्या. एक भिंगरी इंजिनाच्या धुराच्या वाटेत बसते (सिरॅमिकचं चाक ते हेच), धूर तिला फिरवतो, तिच्यासोबत दुसरी फिरते आणि ती हवा दाबून इंजिनात कोंबते. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. अडचण एकच, तुम्ही पाय दाबला की आधी धूर वाढणार, मग भिंगरी वेग घेणार, मग हवा येणार, तोवर गाडी म्हणते थांब जरा. यालाच लॅग म्हणतात, आणि पिकअपचा सगळा विचका इथे होतो.

आता भिंगरी लवकर पळावी असं वाटत असेल तर तिचं जडत्व आघूर्ण, म्हणजे वेग घ्यायला होणारा तिचा विरोध, कमी करायला हवा. बारावीचं आठवत असेल तर ते वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग, आणि वस्तुमान स्वतः त्रिज्येच्या घनाने बदलतं, म्हणजे एकूण त्रिज्येचा पाचवा घात. भिंगरी फक्त १० टक्के लहान केली तर आघूर्ण तब्बल ४१ टक्के कमी होतं! पण लहान भिंगरीतून वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरत असताना, पुरेसा धूर जात नाही, गाडी वर गुदमरते. मग दुसरा रस्ता, आकार तोच ठेवा आणि माल हलका घ्या. धातूचं चाक निकेलच्या मिश्रधातूचं असतं, त्याची घनता पाण्याच्या साधारण ८ पट. सिलिकॉन नायट्राइड नावाच्या सिरॅमिकची ३.२ पट, म्हणजे धातूच्या ४० टक्केच. ९०० अंशाच्या धुरातही ते टिकतं. निसानने हे १९८५ मध्येच फेअरलेडी झेडमध्ये आणलं होतं, पुढे स्कायलाइन जीटी-आरमध्येही तेच. एक प्रामाणिक टीप, दुसऱ्या टोकाची हवा दाबणारी भिंगरी ॲल्युमिनियमचीच राहते, त्यामुळे एकूण आघूर्ण काही ४० टक्क्यांवर येत नाही. पण सगळ्यात जड तुकडा हलका झाला की फरक पडतोच.

आता थोडा हिशोब, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा, मी रागावणार नाही.

भिंगरीचा व्यास ५ सेंटीमीटर आणि मिनिटाला १ लाख २० हजार फेरे धरू, म्हणजे सेकंदाला २ हजार. पात्याच्या टोकाचा वेग येतो सेकंदाला ३१४ मीटर, जवळजवळ आवाजाच्या वेगाइतका. टोकावरच्या १ ग्रॅम मालाला बाहेरच्या बाजूला जी ओढ बसते ती ४०० किलो वजनाइतकी, म्हणजे शेंगदाण्याएवढ्या तुकड्याला दोन बुलेट मोटरसायकली टांगल्यासारखं. हा ताण घनतेच्या प्रमाणात असतो, म्हणजे सिरॅमिक हलकं म्हणून त्याच्यावर ताणही कमीच! मग ते फुटतं कशानं? भेगेनं. प्रत्येक वस्तूत बारीक भेगा असतात आणि भेगेच्या टोकाशी ताण गोळा होतो. धातूत तिथले अणू जरासे सरकतात, टोक बोथट होतं, भेग थांबते. म्हणून स्टीलचं फुलपात्र पडलं तर पोचा येतो आणि बशी पडली तर तुकडे. किती मोठी भेग चालेल हे चिवटपणाच्या, म्हणजे भेग अडवून धरण्याच्या ताकदीच्या, वर्गावर ठरतं. सिलिकॉन नायट्राइडचा चिवटपणा मापात ६ च्या आसपास, ताण ३०० मेगापास्कल धरला तर चालणारी भेग फक्त ०.१३ मिलिमीटर. धातूचा चिवटपणा दहापट धरा, तर भेग शंभरपट, १३ मिलिमीटर, म्हणजे भेग पात्यात मावायचीच नाही.

म्हणून सिरॅमिकची भिंगरी कुरबुर करत नाही, झिजत नाही, आधी सांगत नाही. धुरातून कार्बनचा एखादा खडा आला आणि पात्यावर टवका उडाला की खेळ खल्लास. दुसरी नाजूक जागा दांड्याचा जोड. गरम झाल्यावर स्टील सिरॅमिकच्या जवळजवळ चौपट पसरतं. १ सेंटीमीटर जाडीचा जोड ८०० अंशांनी तापला-निवला तर दोघांत ०.०७ मिलिमीटरचा, केसाच्या जाडीएवढा फरक पडतो, आणि ही ओढाताण दर वेळी गाडी चालवून बंद केली की होते. हे जोडणं जमवलं त्या लोकांना माझा दंडवत.

तर मूळ बूस्टवर, म्हणजे टर्बोने हवा कोंबायच्या कंपनीने ठरवलेल्या दाबावर, ही भिंगरी वर्षानुवर्षं चालते, माझी चालतेच आहे. पण मालक मंडळी १ बारच्या वर बूस्ट नेताना घाबरतात ते उगाच नाही. माझ्या गाडीत आधीच्या कोणा हौशी मालकाने बूस्ट कंट्रोलर बसवून ठेवला होता, मी घेतल्यावर पहिलं काम तो काढून टाकायचं केलं. बंड्याच्या गाडीला ती भीती नाही, तिच्यात धातूची भिंगरी, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर, व्हॉल्व्ह उघडणारे वेगळे कॅमशाफ्ट. निर्यातीच्या गाड्यांवर २८० चं बंधन नव्हतं आणि जर्मनीत माणूस तासभर पाय दाबून बसू शकतो, तिथे चिवट माल लागणार. जपानमध्ये सिग्नल ते सिग्नल, वर लिमिटर, तिथे झटपट पिकअप कामाचं. म्हणजे रीलवाल्याचं "चांगला माल" वगैरे काही नाही, माझ्या मते दोन वेगळ्या प्रश्नांची दोन वेगळी उत्तरं आहेत.

जाता जाता, गाडी धुणाऱ्या दुकानांत "सिरॅमिक कोटिंग, गाडी बुलेटप्रूफ" असं जे विकतात त्याचा या सिरॅमिकशी संबंध नाव सोडून फारसा नाही. रंगावरचा तो पातळ थर आहे, पाणी छान ओघळतं, दगड लागला तर टवका उडणारच. बंड्याने तर कोटिंग करून वर लिंबूमिरची पण बांधली आहे, डॅलसमध्ये लिंबं महाग म्हणून प्लॅस्टिकची.

गेल्या वर्षी मी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याची गाडी चालवली. खालच्या आरपीएमला माझी जरा आधी जागी होते असं वाटलं, पण टायर वेगळे, पेट्रोल वेगळं, आणि माझी आधीच तशी समजूत झालेली, त्यामुळे माझ्या पाठीच्या साक्षीला काही किंमत देऊ नका. आता तो दोन्ही टर्बो काढून एक मोठा टर्बो बसवतोय, जुने धातूचे मला फुकट पाठवतो म्हणाला, "कपबशी काढून टाक आता." मी अजून हो म्हटलेलं नाही. सकाळी गाडी चालू करून बॉनेटजवळ कान नेला की ती शिट्टी ऐकू येते, आणि मग वाटतं राहू दे अजून थोडे दिवस.