सरना धर्म : लोक आहेत, रकाना नाही

2011 च्या जनगणनेत सुमारे 49.5 लाख लोकांनी आपला धर्म ‘सरना’ असा नोंदवला. जैन होते सुमारे 44.5 लाख. जैनांना जानेवारी 2014 मध्ये केंद्राने अल्पसंख्याक दर्जा दिला. सरना मानणाऱ्यांना तो अजून मिळालेला नाही.

सरना म्हणजे साल वृक्षांची देवराई. झारखंडमधले मुंडा, उरांव आणि ‘हो’ या जमातींचे आदिवासी तिथेच पूजा करतात. सरहुलच्या सणात गावचा पाहन, म्हणजे पुजारी, घड्यांत पाणी भरून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी पाण्याची पातळी पाहून यंदाच्या पावसाचा अंदाज सांगतो. मूर्ती नाही, ग्रंथ नाही. म्हणून हा धर्मच नव्हे, असं म्हणणाऱ्यांची बाजू मला कधीच पटली नाही.

इंग्रजांच्या जनगणनेत आदिवासींच्या धर्मांची नोंद वेगळी होत असे; कधी ‘ॲनिमिस्ट’ (निसर्गातल्या वस्तूंत आत्मा मानणारे), 1931 साली ‘ट्रायबल’. पण आदिवासी हे मागासलेले हिंदूच, अशी मांडणी मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी 1943 मध्ये केली आणि ती फार प्रभावी ठरली. स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनांत तो वेगळा रकाना उरला नाही.

अनुसूचित जमातीच्या दर्जाला धर्माची अट नाही, त्यामुळे आरक्षणाला यामुळे बाध आला नाही. अल्पसंख्याक दर्जाची गोष्ट निराळी आहे. 1992 च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग कायद्यानुसार केंद्र ज्यांची अधिसूचना काढेल तेच अल्पसंख्याक. 1993 मध्ये मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध आणि पारशी यांचा समावेश झाला, पुढे जैनांचा. तिथे संख्येचा निकष नाही. पारशी तर 2011 मध्ये साठ हजारही नव्हते.

पण आधी सरकारी नोंदीत वेगळी ओळख हवी, म्हणूनच सगळा जोर ‘धर्म कोड’वर, म्हणजे जनगणनेच्या अर्जातल्या धर्माच्या क्रमांकावर आहे. 2011 च्या अर्जात हिंदू ते जैन अशा सहा धर्मांना आकडे दिले होते. बाकीच्यांनी धर्माचं नाव पूर्ण लिहायचं, पण कोडची चौकट कोरी! अशा सगळ्यांची बेरीज ‘इतर धर्म’ या एकाच गाठोड्यात गेली. त्यात अरुणाचलचे दोन्यी-पोलो मानणारे आहेत आणि ‘गोंड’ हाच धर्म लिहिणारे दहा लाखांवर लोकही. विदर्भातले गोंड आपल्या धर्माला कोया पुनेम म्हणतात, त्यांचीही मागणी हीच आहे.

झारखंड विधानसभेने 11 नोव्हेंबर 2020 रोजी विशेष अधिवेशन घेऊन सरना कोडचा ठराव एकमताने मंजूर केला आणि केंद्राकडे पाठवला. आता 2027 ची जनगणना तोंडावर आहे. निदान या वेळी तरी ती चौकट कोरी राहू नये.